इंदूरहून नौदलाच्या सिग्नल शाखेत जायचं कसं

भारतीय नौदलात ‘मला शत्रूचे गुप्त संदेश पकडायचे आहेत’ असा अर्ज करता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्याकडे चौकशीला येणारी निम्मी पोरं फॉर्ममध्ये तोच रकाना शोधत असतात. माझी भाचीही त्यातलीच. मोबाइलवर अमेरिकन नौदलाचे व्हिडिओ बघून विचारते, “मामा, त्यांच्याकडे क्रिप्टॉलॉजिक टेक्निशियन असतात, आपल्याकडे कोण असतं?”

तिकडे खलाशांची ती वेगळी शाखाच आहे. तिच्या पोटात कोणी परकी भाषा ऐकणारा, कोणी रडारच्या लहरी तपासणारा, कोणी रेडिओ संदेश टिपणारा. संगणकाच्या जाळ्यावर काम करणाऱ्यांना २०२३ मध्ये वेगळं काढून सायबर वॉरफेअर टेक्निशियन असं नाव दिलं. आपल्याकडे कामं साधारण तीच, पण वाटणी निराळी. संदेशवहन आणि इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर म्हणजे ईडब्ल्यू (रडार-रेडिओच्या लहरींची लढाई), हे शिकवणारं सिग्नल स्कूल कोचीला आहे. यंत्रं दुरुस्त करणारी इलेक्ट्रिकल शाखा जामनगरला आयएनएस वलसुरात घडते. दोन्हीकडे जायची वाट मात्र एकच: अग्निवीर म्हणून भरती व्हायचं, ओडिशात चिल्काला प्रशिक्षणाला जायचं, मग नौदल सांगेल तो ट्रेड म्हणजे कामाचा विभाग घ्यायचा.

मी स्वतः संदेशवहनातला. चीफ पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो, आता रामबागेत राहतो आणि सकाळी चिमणबागेच्या मैदानावर पोरं पळवतो. म्हणजे धावायला लावतो, गैरसमज नको. इथे जे लिहितोय ते कोणालाही बाहेरून कळण्यासारखं आहे. कुठल्या जहाजावर काय बसवलंय, कुठली फ्रिक्वेन्सी, कुठला तळ काय ऐकतो, हे विचारू नका. ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट १९२३ सालचा आहे आणि पेन्शनीत निघालेल्यालाही तो लागू होतो.

इंदूरकरांचा आणखी एक घोटाळा महूमुळे होतो. महूचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग हे लष्कराच्या सिग्नल कोअरचं. उत्तम संस्था आहे, पण नौदलाच्या भरतीशी तिचा काही संबंध नाही. ‘महूला आपली ओळख आहे, नेव्हीत सिग्नलला लावून देतो’ असं म्हणणारा भिया भेटला तर चहा प्यायचा आणि उठायचं. पैसे घेऊन ट्रेड मिळवून देणारा माणूस अस्तित्वात नाही.

काम नक्की काय असतं

सिग्नल इंटेलिजन्स, म्हणजे दुसऱ्याचे संदेश आणि लहरी पकडून माहिती काढणं, म्हटलं की संगणकासमोर बसून कोडं फोडणारा विद्वान डोळ्यापुढे येतो. तसली माणसं असतात, पण ती सहसा जहाजावर नसतात. सांकेतिक लिपीचं गणित दिल्लीत डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या सायंटिफिक अ‍ॅनालिसिस ग्रुपमध्ये चालतं. जॉइंट सायफर ब्यूरो आहे, एनटीआरओ ही तांत्रिक गुप्तवार्ता संस्था आहे. खलाशाच्या वाट्याला त्याच्या अलीकडचं काम येतं: ऐकणं, टिपणं, दिशा काढणं, वेळ नोंदवणं. आणि त्याहून मोठं काम म्हणजे आपल्या बाजूचं काही दुसऱ्याच्या कानी पडू न देणं.

नुसतं ऐकून काय कळतं, असं पोरं विचारतात. मी कचरागाडीचं उदाहरण देतो. सकाळी गाडी भोंगा वाजवत येते. तुम्ही अंथरुणात आहात, गाण्याचा एक शब्द धड ऐकू येत नाही. तरी गाडी कुठल्या गल्लीत आहे, कुठे जास्त वेळ थांबली, आज उशीर झालाय, एरवी एकदा येणारी आज दोनदा आली म्हणजे वॉर्डात कोणी साहेब येणार आहे, इतकं सगळं कळतं. संदेश न वाचता नुसत्या वर्दळीवरून अर्थ लावणं याला ट्रॅफिक अ‍ॅनालिसिस म्हणतात. संदेश कितीही पक्क्या कुलपात असला तरी कोण, कधी, किती वेळ आणि कुठून बोललं हे लपत नाही.

१९७१ मध्ये आपल्या नौदलाने हेच उलटं वापरलं. विक्रांत ही विमानवाहू नौका अंदमानात लपवली होती आणि तिच्या मागावर पाकिस्तानची गाझी पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली होती. तेव्हा राजपूत ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमच्या बाहेर काढली आणि तिच्यावरून मुद्दाम विक्रांतला शोभेल एवढी वायरलेसची वर्दळ केली. ऐकणाऱ्याला वाटावं, मोठं जहाज इथेच आहे. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ तारखेच्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौकांवर आपली माणसं आपसात रशियन बोलत होती. नौका सोव्हिएत, प्रशिक्षण तिकडचं, आणि मध्ये कान लावून बसलेल्याला काही उमजू नये हा हेतू. नौदल दिन ४ डिसेंबरला का असतो हे परीक्षेत विचारतात म्हणून पोरं पाठ करतात. त्या रात्री रेडिओवर काय चाललं होतं तेही माहीत असू द्या.

अमेरिकन गोष्टीतही माझा जीव खलाशांच्याच भागात अडकतो. १९२८ पासून १९४१ पर्यंत वॉशिंग्टनला नौदल खात्याच्या इमारतीच्या छतावर खोली बांधून तिथे १७६ ऑपरेटरांना जपानी काना लिपीतला मॉर्स म्हणजे टिंब-रेघांचा तारसंकेत टिपायला शिकवलं. १५० नौसैनिक, २६ मरीन. त्यांचं नावच ‘छतावरची टोळी’ पडलं. पुढे पर्ल हार्बरला कॅलिफोर्निया ही युद्धनौका बुडाली, तेव्हा बेकार झालेल्या तिच्या बँडवाल्यांना संकेत फोडणाऱ्या तळघरात नेऊन पंचकार्डाच्या यंत्रांवर बसवलं, आणि ते उत्तम कामाचे निघाले. मला यात नवल वाटत नाही. कोचीला पाहिलंय, तबला शिकलेल्या पोरांना मॉर्स लवकर चढतो.

ईडब्ल्यूची गंमत निराळी. समोरच्या जहाजाचं रडार लहर सोडतं, ती आपल्यावर आपटून परत जाते आणि मग त्याला आपण दिसतो. लहर जाते आणि येते, दोन्ही वेळा विरळ होते. आपण नुसते कान उघडे ठेवून बसलो तर आपल्याला ती एकेरी प्रवासातच मिळते, म्हणून त्याला आपण दिसण्याच्या कितीतरी आधी आपल्याला तो ऐकू येतो. मग फ्रिक्वेन्सी किती, स्पंदनं सेकंदाला किती, स्पंदनाची रुंदी किती, अँटेना किती सेकंदांत एक फेरी मारतो, यावरून ते मासेमारीचं रडार आहे की युद्धनौकेचं हे ऑपरेटर सांगतो. बारावीचं भौतिकशास्त्र इथे रोज लागतं. डीआरडीओने बनवलेली ‘शक्ती’ ही ईडब्ल्यू प्रणाली १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी नौदलाच्या हाती दिली, आणि तो कार्यक्रम झाला झाशीला. झाशीलाही समुद्र नाही, तेव्हा इंदूरला समुद्र नाही ही सबब मला सांगू नका.

संदेशवहनाचा पसारा पोरांना वाटतो त्याहून मोठा आहे. मास्टावर चढवायचे झेंडे आणि दिव्याची उघडझाप आजही शिकवतात, कारण रेडिओ बंद ठेवून शेजारच्या जहाजाशी बोलायचं तर तोच मार्ग उरतो. एचएफ म्हणजे शॉर्टवेव्हचा लांब पल्ल्याचा रेडिओ आहे. उपग्रह आहेत: ३० ऑगस्ट २०१३ ला जीसॅट-७ गेला, २ नोव्हेंबर २०२५ ला ४,४१० किलोचा सीएमएस-०३ गेला. पाण्याखालच्या पाणबुडीशी बोलायला अगदी कमी फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ स्टेशन लागतं, ते तामिळनाडूत आयएनएस कट्टबोम्मनला १९९० पासून आहे. दुसरं तेलंगणात दामगुंडमला उभं राहतंय.

अर्ज आणि परीक्षा

यात फार अडकण्यासारखं काही नाही. नौदलाच्या भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर अग्निवीर एसएसआर म्हणजे सीनिअर सेकंडरी रिक्रूट या भरतीची जाहिरात येते. आपल्याला हवं ते एसएसआर. एमआर म्हणजे मॅट्रिक रिक्रूट, हे दहावीच्या पात्रतेवरचं आणि त्याची कामं वेगळी. वय साडेसतरा ते एकवीस. प्रत्येक तुकडीसाठी जन्मतारखा ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशा छापतात, एक दिवस इकडेतिकडे चालत नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. पॉलिटेक्निकच्या ठरावीक शाखांचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे. लग्न झालेलं चालत नाही.

पहिली पायरी संगणकावरची परीक्षा: शंभर प्रश्न, शंभर गुण, एक तास. इंग्रजी, विज्ञान, गणित, सामान्य ज्ञान. चुकल्यास पाव गुण जातो. चारही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, आणि आपली मुलं नेमकी तिथेच मार खातात: गणितात पैकीच्या पैकी, इंग्रजीत दांडी. प्रश्न हिंदी-इंग्रजी दोन्हीत असतात, पण इंग्रजीचा भाग इंग्रजीतच सोडवायचा. कट-ऑफ राज्यागणिक वेगळा लागतो. आईवडील मूळचे सांगली-साताऱ्याचे असले तरी मुलाचा मूळ निवासी दाखला ज्या राज्याचा, त्या राज्यात तो मोजला जातो. नाशिकच्या मावसभावाचा कट-ऑफ बघून घाबरू नका की खूशही होऊ नका.

दुसऱ्या पायरीवर लेखी, शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय. मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, वीस उठाबशा, पंधरा दंड, पंधरा सिट-अप. मुलींना आठ मिनिटं, पंधरा उठाबशा, दहा दंड, दहा सिट-अप. साडेसहा मिनिटं ऐकायला सोपी वाटतात. चिमणबागेवर पहिल्या दिवशी आलेला पोरगा पहिलं चक्कर हरणासारखं मारतो आणि तिसऱ्याला कमरेवर हात ठेवून उभा राहतो. चारशे मीटरचं चक्कर एक मिनिट सदतीस सेकंदांच्या आत, पण चारही चक्करं सारखी, एवढंच साधायचं. पोहता येणं भरतीसाठी सक्तीचं नाही, तिथे शिकवतात. तरी नेहरू पार्कच्या तलावावर उन्हाळा काढलेला असेल तर चिल्काला पाण्यात ढकलल्यावर ओरडणार नाही.

वैद्यकीय तपासणीत आपल्या कामाचा अवयव म्हणजे कान. कानात मळ साठलाय म्हणून परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे महिनाभर आधी जाऊन या, पडदा शाबूत आहे का बघा, रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. काडी, पिन, किल्ली कानात घालायची नाही. आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये म्हणजे मिरवणुकीत डीजेच्या ट्रकच्या भोंग्याला चिकटून नाचायची हौस असेल तर ती भरती होईपर्यंत आवरा. गेर बघा, राजवाड्याच्या बाजूला उभे राहून बघा, पण कानात इअरप्लग घालून. ऐकू येण्याच्या वरच्या पट्ट्या एकदा गेल्या की परत येत नाहीत.

चिल्का, आणि ट्रेड हाती कसा येतो

चिल्का ओडिशात आहे, भुवनेश्वरच्या दक्षिणेला, सरोवराच्या काठाला. इंदूर-पुरी गाडी खुर्दा रोडवरून जाते. पहिली काही आठवडे परेड, पळणं, इस्त्री आणि बूट पॉलिश यातच जातात. सिग्नल, सायबर वगैरे शब्द तिथे काढू नका, प्रशिक्षकांना त्यात काडीचा रस नसतो.

ट्रेड मिळतो तो तुमची गुणवत्ता आणि त्या तुकडीला नौदलाची गरज यावर. पसंती विचारली तरी ती नुसती विचारलेली असते. तुमच्या हातात एवढंच आहे की चिल्काच्या परीक्षांत वर राहायचं, इंग्रजी नीट लिहायचं आणि अक्षर सुवाच्य ठेवायचं. अक्षराला हसू नका. संदेश लिहून घेणाऱ्याचा एक आकडा चुकीचा वाचला गेला तर जहाज भलतीकडे जाऊ शकतं. आम्हाला शून्यात तिरकी रेघ मारायची सक्ती होती, अजूनही मी किराणा दुकानाच्या यादीत मारतो आणि दुकानदार विचारतो की हे काय.

सिग्नल मिळालं नाही तर? तोफखाना, सोनार, रडार प्लॉटिंग, काहीही येऊ शकतं. सोनार म्हणजे पाण्याखालचं ऐकणंच आहे, आणि त्यातही माणसाच्या कानाची किंमत आहे. रुसून बसणाऱ्याची चार वर्षं फुकट जातात.

आजपासून घरी काय करता येईल

इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण हे कुठल्याही कोचिंगमध्ये शिकवत नाहीत.

मॉर्स भरतीसाठी लागत नाही. तरीही शिका, कारण त्याने कान आणि हात यांच्यामधला विचार निघून जातो. लोक चुकतात ते तक्ता पाठ करण्यात. ‘के म्हणजे रेघ-टिंब-रेघ’ असं डोळ्याने पाठ केलं की आवाज आल्यावर मेंदू आधी चित्र आठवतो, मग अक्षर, तोवर पुढची तीन अक्षरं निघून जातात. मॉर्स आवाजातच शिकायचा: डा-डी-डा ऐकू आलं की हाताने के लिहिला गेला पाहिजे. १९३० च्या दशकात कोख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने पद्धत काढली ती आजही सर्वांत चांगली. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने, मिनिटाला वीस शब्दांच्या गतीने ऐकायचं, पण फक्त दोनच अक्षरं, के आणि एम. शंभरात नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं अक्षर वाढवायचं. मोबाइलवर फुकटची अ‍ॅप आहेत. पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. सलग दोन तास बसलात तर कान बधिर होतो, शिकत नाही.

थोडं जमलं की मुद्दाम आवाजात ऐका. शेजारी कुकरची शिट्टी, टीव्ही, भावंडांची भांडणं चालू असताना. रात्री बारा ते चारच्या पाळीत एचएफवर कान लावून बसलं की खरखर, लांबच्या विजांची कडकड आणि कुठल्यातरी देशाच्या प्रसारणाचा सूर या सगळ्याच्या तळाशी तुमचं स्टेशन सुताएवढं ऐकू येतं. मध्येच ते विरतं. तेव्हा डोकं हलवायचं नाही, पेन्सिल थांबवायची नाही, गेलेल्या अक्षराच्या जागी रेघ मारून पुढे जायचं. नवा मुलगा गेलेलं अक्षर आठवत बसतो आणि अख्खी ओळ घालवतो. सवय झाली की पाठवणाऱ्याचा हातही ओळखू येतो: हा डा जरा लांबवतो, तो दोन शब्दांत दम घेत नाही. मॉर्सच्या काळात निव्वळ ‘हात’ ओळखून अमुक ऑपरेटर एका जहाजावरून दुसऱ्यावर गेला हे कळायचं.

दुसरा सराव फुकटचा आहे. एबी रोडवर बसची वाट बघत असाल तेव्हा गाड्यांच्या पाट्या फोनेटिक लिपीत वाचा. एमपी ०९ म्हणजे माइक पापा झिरो नाइनर. पुढची अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली जी असतील ती. गाडी नजरेआड व्हायच्या आत पूर्ण पाटी म्हणून झाली पाहिजे. नंतर मनात धरून दोन मिनिटांनी वहीत लिहा आणि शेजारी वेळ. वेळ भारतीय नव्हे, ग्रीनिचची: साडेपाच तास वजा करून. समुद्रावर संदेशांची नोंद त्याच वेळेने होते. महिनाभरात वजाबाकी करावी लागत नाही.

तिसरं, रेडिओ प्रत्यक्ष हाताळायचा असेल तर हौशी रेडिओचा परवाना घ्या. बारा वर्षांवरच्या कोणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन तो मिळतो. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी लांब जातात आणि रात्री खालच्या, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि छतावर तार बांधून स्वतः ऐकणं वेगळं. तेही जमत नसेल तर शॉर्टवेव्हचा जुना ट्रान्झिस्टर घरात कुठेतरी पडलेला असतो, तो झटकून चालू करा.

भाषा हा अमेरिकन व्हिडिओतला सगळ्यात आकर्षक भाग, पण आपल्याकडे खलाशी भरती भाषेवर होत नाही. संरक्षण मंत्रालयाचं स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस दिल्लीला १९४८ पासून आहे, चिनी, अरबी, फारसी, ब्रह्मी, सिंहली असं बरंच तिथे शिकवतात. ती पुढची पायरी. आत्ता इंग्रजी सुधारा.

तोंड आणि मोबाइल

जर्मनांचं एनिग्मा हे संदेश सांकेतिक करणारं यंत्र गणिताने फुटलं हे सगळे सांगतात. ते ऑपरेटरांच्या आळसानेही फुटलं हे कमी लोक सांगतात. रोज त्याच वेळी तेच हवामानाचं वाक्य, सेटिंगला तीच सोपी अक्षरं, कीबोर्डवर ओळीने असलेली. कुलूप चांगलं होतं, किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची सवय होती. नौदलात क्रिप्टोचं, संदेश कुलपात ठेवण्याचं, काम म्हणजे बहुतांशी हीच शिस्त: किल्ली वेळेवर बदलणं, जुनी मोजून नष्ट करणं, प्रत्येक कागदावर सही, आणि एकट्याने काही न करणं. कंटाळवाणं आहे. ज्याला कंटाळा सोसत नाही त्याने हा ट्रेड मागू नये.

डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाचे सात जण समाजमाध्यमांवरच्या बनावट बायकांच्या जाळ्यात अडकून पकडले गेले. त्यानंतर नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि समाजमाध्यमं बंद केली. म्हणून भरतीच्या आधीच सवय लावा. ‘फ्युचर नेव्ही सिग्नल इंटेलिजन्स’ असं प्रोफाइलवर लिहिणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी मैदानावर येऊ नको म्हणतो, ते काढेपर्यंत. पोलीस पडताळणी होते, जुनी भांडणं, गुन्हे, सगळं निघतं. कॉलेजच्या राजकारणात एखादा एफआयआर नावावर असेल तर तो लपवू नका, फॉर्ममध्ये खोटं लिहिलेलं पकडलं गेलं की काम संपलं.

आईवडिलांनाही सांगतो. मुलाचं जहाज कुठे आहे, कधी निघणार, हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचं नाही. आमच्याकडे आत्या-मावश्यांना हे पटवायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात.

मुलींसाठी

२०२२ पर्यंत खलाशी म्हणून मुली घेत नसत. अग्निपथपासून घेतात. पहिल्या तुकडीत सुमारे २,६०० अग्निवीर चिल्कातून २८ मार्च २०२३ ला बाहेर पडले, त्यांत २७० च्या आसपास मुली होत्या. पळण्याचे निकष वेगळे, परीक्षा आणि प्रशिक्षण एकच. भाचीला मी हेच सांगितलं: व्हिडिओ बंद, धावायचे बूट घाल.

चार वर्षं, मग काय

हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझ्या वेळी पंधरा वर्षांची हमी होती आणि शेवटी पेन्शन. आता चार वर्षं, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करतात. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले तीस टक्के सेवा निधीत जाऊन हातात एकवीस. चौथ्या वर्षी चाळीस हजार. शेवटी सरकारचे तेवढेच पैसे घालून सुमारे दहा लाख चार हजार आणि व्याज, करमुक्त. पेन्शन नाही. मला स्वतःला या ट्रेडसाठी चार वर्षं तोकडी वाटतात, कारण कान तयार व्हायलाच दोन लागतात. पण धोरण मी ठरवत नाही, तुम्हीही नाही, तेव्हा त्याच चार वर्षांत हात मारून घ्या.

इग्नूने अग्निवीरांसाठी पदवी ठेवली आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट नौदलातल्या प्रशिक्षणाचे धरतात. पहिल्या वर्षीच नाव घाला, चौथ्या वर्षी नव्हे. संदेशवहनातून बाहेर पडलेल्याला जहाजांवरच्या रेडिओचं जीएमडीएसएसचं प्रमाणपत्र घेणं जड जात नाही, आणि त्यावर व्यापारी जहाजं, बंदरं इथे कामं मिळतात. इंटेलिजन्स ब्यूरोत ज्युनिअर इंटेलिजन्स ऑफिसरची टेक्निकल पदं निघतात, त्यांना इलेक्ट्रॉनिक्स वगैरेचा डिप्लोमा किंवा विज्ञानाची पदवी लागते. पोलिसांच्या वायरलेस शाखा आहेत. केंद्रीय सशस्त्र दलांत अग्निवीरांना आरक्षण जाहीर झालेलं आहे. आणि पंचवीस टक्क्यांत राहायचं असेल तर पहिल्या दिवसापासून नोंद होत असते हे लक्षात ठेवा, शेवटच्या सहा महिन्यांत साहेबांपुढे चमकून काही होत नाही.

फॉर्म भरायच्या आधी कागद काढून टेबलावर मांडा. आपल्या इंदुरी मराठी घरांत एक भानगड हटकून असते. मध्य प्रदेश बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव, आणि मूळ निवासी दाखल्यावर आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला. काळेंचे काले होतात, गोखलेंचे गोखले राहतात म्हणून ते बचावतात. फॉर्ममध्ये दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच नाव लिहायचं, स्पेलिंगसकट, आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचे. आधारची दुरुस्ती, दाखला, जन्मतारखेचा मेळ, या सगळ्याला वेळ लागतो आणि जाहिरात आल्यावर रांगा लागतात. या आठवड्यात एवढं उरका. सोमवारी सकाळी साडेपाचला चिमणबागेवर या, पाण्याची बाटली स्वतःची आणा.